वाघिणीच्या पोटाखाली

आमच्या दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये सध्या तेवीस वाघिणी राहतात. चोविसावी फ्रिजवर वाळत घातली आहे.

हे वाक्य मी परवा बँकेत, डबे उघडले असताना, सहज बोलून गेलो. तर समोर बसलेल्या नव्या मुलीच्या हातातला घास हातातच राहिला. हेडकॅशिअर मात्र अनुभवी गृहस्थ. भाजीतली मिरची बाजूला काढत ते म्हणाले, "आमच्याकडे एकच आहे हो, पण तुमच्या तेविसांना पुरून उरेल!" बँकांचे राष्ट्रीयीकरण १९६९ साली झाले. हा विनोद त्याच्याही आधीचा असावा, आणि तो सेवानिवृत्त होण्याची काही चिन्हे नाहीत.

तेव्हा आधी खुलासा. वाघीण म्हणजे मालगाडीचा डबा. इंग्रजांनी 'वॅगन' आणली आणि आपल्या कोण्या अज्ञात हमालाने किंवा सांधेवाल्याने तिची वाघीण करून टाकली. त्यासाठी समिती बसली नाही, परिपत्रक निघाले नाही, की कुणाला प्रवासभत्ता मिळाला नाही. म्हणूनच शब्द टिकला. पुढे इंग्रजी भाषा हे वाघिणीचे दूध आहे असे आपल्याला सांगण्यात आले. गंमत अशी की, खुद्द इंग्लंडात वाघिणीचे दूध खरोखरीच मिळत असे! १९२७ पासून तिथल्या रेल्वेवर आतून काचेचा लेप दिलेल्या दुधाच्या टाक्या धावू लागल्या आणि खेड्यापाड्यांतले दूध थेट लंडनला जाऊ लागले. तसली एक वाघीण माझ्याकडे आहे. अनुक्रमांक नऊ. दूध अर्थात देत नाही.

माझ्या वाघिणी तळहातावर मावतात. खऱ्या वाघिणीच्या एका फुटाला माझ्याकडे चार मिलिमीटर, असा हिशेब. ब्रिटिश रेल्वेची कोळसा वाहणारी सोळा टनी वाघीण खरी साडेसोळा फुटांची, माझी ६६ मिलिमीटरची. काडेपेटीपेक्षा जराशी थोराड, इतकेच. हे वेड मला लागले पुण्यात. कोथरूडला १९९८ पासून छोट्या रेल्वेगाड्यांचे एक संग्रहालय आहे, जोशांचे. तिथे मुलीला दाखवायला म्हणून गेलो. मुलगी अर्ध्या तासात कंटाळली. मला ओढून बाहेर काढावे लागले. मग इंग्लंडातल्या मावसभावाला पत्र धाडले की, बाबा रे, येताना चॉकलेटे आणू नकोस, मालगाडीचे डबे आण. त्याने आधी फोन करून माझी प्रकृती विचारली आणि मग आणले. डबे इंग्लंडचे का, असा प्रश्न देशाभिमानी वाचक विचारतील. तर आमच्या भागातल्या खेळण्यांच्या दुकानात मी आपल्या मालगाडीच्या डब्याचा जोडायचा संच मागितला होता. दुकानदाराने मला चावीची आगगाडी दाखवली आणि विचारले, "मुलगा केवढा आहे?"

आता संच म्हणजे काय? एका चपट्या खोक्यात प्लॅस्टिकच्या दोन-तीन चौकटी असतात आणि त्या चौकटींना वाघिणीचे अवयव लटकलेले असतात. बाजू, दारे, सांगाडा, बफर, ब्रेकचे गुटके. एकेक भाग धारदार पात्याने सोडवायचा, कानशीने घासायचा, पातळ डिंकासारख्या एका द्रवाने चिकटवायचा. तो डिंक नसतो. तो प्लॅस्टिक वितळवून सांधे एकजीव करतो. एकदा चिकटले की चिकटले. चुकीचे चिकटले तरी चिकटलेच. आमच्या सौभाग्यवतींचे म्हणणे, लग्नाची कल्पना या द्रवावरूनच कुणाला तरी सुचली असावी.

जोडून झाले की वाघीण आरशावर ठेवून पाहायची. चारही चाके एकदम टेकली तर सरळ. एक चाक केसभर जरी अधांतरी राहिले तरी ती रुळावरून उतरणार. मग वजन. प्लॅस्टिकची वाघीण इतकी हलकी की, पंखा लावला तर मागे जाते. दर आसामागे २५ ग्रॅम, म्हणजे दोन आसांच्या वाघिणीला ५०, असा तिकडच्या जाणत्यांचा ठोकताळा आहे. हे वजन आणायचे कुठून? इथे माझी नोकरी कामाला आली. २०११ च्या जूनअखेर चार आण्याचे नाणे चलनातून गेले, तेव्हा माझ्या आईच्या फडताळातल्या बरणीत अशी नाणी शिल्लक होती. ती बँकेत भरायची तारीख, बँकेत नोकरीला असूनही, मी विसरलो होतो. स्टेनलेस स्टीलचे एक नाणे २.८३ ग्रॅमचे आणि १९ मिलिमीटर रुंदीचे. कोळशाच्या वाघिणीत तीन-तीन नाण्यांच्या तीन चळती अगदी मापात बसतात. तिचे मूळ वजन अधिक सव्वादोन रुपये, की ताळा जमला! आमच्या बँकेत त्या नाण्यांना कुणी विचारीत नव्हते. माझ्याकडे ती कायमची मुदत ठेव झाली आहेत.

नाण्यांवर कोळसा पसरायचा. मी इस्त्रीवाल्याकडून मूठभर कोळसा आणून कुटत बसलो होतो, तर मुलगी म्हणाली, "बाबा, हा लाकडाचा कोळसा आहे. इंग्लंडमध्ये खाणीतून जळकी झाडं काढायचे का?" मी खलबत्ता खाली ठेवला. खरा दगडी कोळसा शेवटी भुसावळच्या मामांनी दिला. मामा रेल्वेच्या डबे-वाघिणींच्या देखभालीच्या खात्यात उभा जन्म काढून निवृत्त झालेले. वाफेच्या इंजिनांच्या दिवसांतले चार खडे त्यांच्या माळ्यावर, बंबाच्या डब्यात, अजून शिल्लक होते. हे मामा पुढे पुन्हा येणार आहेत, वाचकांनी त्यांना विसरू नये.

पण हा लेख मी छंदाची माहिती देण्यासाठी लिहिलेला नाही. भांडण्यासाठी लिहिला आहे.

पहिले भांडण इंजिनभक्तांशी. छोटी असो वा मोठी, रेल्वे म्हटली की माणसे इंजिनाभोवती गोळा होतात. इंजिनाचा फोटो काढतात, इंजिनाला हार घालतात, इंजिनाला नाव ठेवतात. मालगाडी आली की हीच माणसे घड्याळ बघतात आणि फाटक बंद असले तर तिच्या डब्यांची संख्या मोजून शिव्या तेवढ्याच देतात. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी निघाली, १४ डबे होते, ४०० पाहुणे होते, २१ तोफांची सलामी झाली, हे आपल्याला पाठ. परंतु त्याच्याआधी १८३७ च्या सुमारास मद्रासजवळ रेड हिल्सला रस्त्यांसाठी दगड वाहणारी रेल्वे होती, आणि १८५१ साली रुरकीजवळ सोलानी नदीवरून गंगेचा कालवा नेण्याचे काम चालू असताना माती वाहायला इंजिनाची गाडी धावली होती. तिथे कुणी तोफा उडवल्याचे ऐकिवात नाही. माती पाहुणी म्हणून येत नाही ना! खुद्द इंग्लंडात १८२५ साली स्टॉकटन-डार्लिंग्टन रेल्वेची पहिली गाडी निघाली ती कोळसा घेऊन, आणि त्या दिवशीचे बहुतेक उतारू चक्क वाघिणींतच बसले होते. उतारू हा रेल्वेच्या घरी मागाहून आलेला जावई आहे. आजही आपल्या रेल्वेच्या उत्पन्नातला निम्म्याहून अधिक भाग मालवाहतुकीतून येतो. तुमचे-आमचे तिकीट स्वस्त राहते ते त्या फाटकावरच्या, शिव्या खाणाऱ्या वाघिणींच्या जिवावर. बँकेत हे मला नवीन नाही. काचेच्या केबिनमधल्या साहेबाचा सत्कार होतो आणि शाखा चालते ती मागच्या टेबलावरच्या व्हाउचरांवर.

दुसरे भांडण तयार मालवाल्यांशी. हल्ली तयार, रंगवलेल्या, खोक्यातून काढून थेट रुळावर ठेवायच्या वाघिणी मिळतात. त्या माझ्या वाघिणींपेक्षा सुबक असतात, हे मी प्रामाणिकपणे कबूल करतो. अक्षरे सरळ असतात, बफर एका रेषेत असतात, आणि त्यांच्यावर माझ्या अंगठ्याचा ठसा नसतो. "मग तू रात्री अकरापर्यंत डोळे कशाला फोडतोस?" असे मावसभाऊसुद्धा विचारतो. याला माझे उत्तर असे की, माझ्या वाघिणीतला कोणता भाग कशाला धरून उभा आहे हे मला ठाऊक आहे, कारण तो माझ्या हातून दोनदा तुटलेला आहे. सोळा टनी वाघिणीच्या अंगावर एक पांढरा तिरपा पट्टा असतो. मी इतकी वर्षे त्याला नक्षी समजत होतो. जोडायला बसलो तेव्हा कळले की, पट्ट्याचे वरचे टोक ज्या बाजूला, त्या टोकाची भिंत म्हणजे दार असते. गोदीवर वाघीण तिकडून तिरकी करून कोळसा ओततात. पट्टा उलटा काढला तर कोळसा बंद भिंतीवर आपटायचा. अंगाचा करडा रंग म्हणजे इंजिनावरून चालणाऱ्या ब्रेकची नळी तिला नाही. नळीवाली असेल तर तिचा रंग तांबूस. ब्रिटिश रेल्वेने अशा सोळा टनी वाघिणी दोन लाखांहून अधिक बांधल्या, आणि त्यांच्या अंगावरची एकही रेघ शोभेची नव्हती. तयार वाघीण आणली असती तर हा पट्टा मी आजही नक्षी म्हणूनच पाहत बसलो असतो.

तिसरे भांडण आमच्याच गोटातल्या सोवळ्या मंडळींशी. तेही आटोपून घेतो. ब्रिटिश छोट्या रेल्वेत एक जुने पाप आहे. डबे फुटाला चार मिलिमीटर या मापाचे आणि रूळ मात्र साडेतीन मिलिमीटर या मापाचे! सुरुवातीच्या काळात इंग्लंडच्या बुटक्या इंजिनांत त्या वेळच्या मोटारी मावेनात, म्हणून इंजिने फुगवली आणि रूळ तसेच राहू दिले. त्यामुळे रुळांतले अंतर हवे १८.८३ मिलिमीटर, आहे १६.५. फरक २.३३. या फरकावरून तिकडे पिढ्यान्पिढ्या वाद चालू आहेत आणि काही निष्ठावंत प्रत्येक चाक, प्रत्येक सांधा नव्याने, खऱ्या मापाचा करून घेतात. त्यांच्यापुढे मी मान तुकवतो. पण जो गृहस्थ माझ्या घरी चहा पिऊन, रुळावर फुटपट्टी ठेवून "छे!" असे म्हणतो, त्याला मी सांगतो की, मी बी.कॉम. आहे. फरक दिसत असून काढता येत नसेल, तर तो सस्पेन्स अकाउंटला टाकायचा आणि रोज त्याच्याकडे पाहून लाज बाळगायची. लपवलेला फरक हे पाप, नोंदवलेला फरक हा व्यवहार.

ही तिन्ही भांडणे मात्र घरगुती. माझे खरे वैर एका वाक्याशी आहे. ते वाक्य म्हणजे, "खालचं कोण बघतंय?"

माझी वाघीण हातात घेणारा प्रत्येक माणूस हे वाक्य म्हणतो. मी चिमट्यात राईच्या दाण्याएवढा तुकडा धरून, श्वास रोखून तो सांगाड्याच्या पोटाखाली बसवत असतो, आणि शेजारचे गृहस्थ मागे उभे राहून, चहाचा घोट घेऊन म्हणतात, "अहो, पण खालचं कोण बघतंय?" सासरे म्हणतात. रंगाच्या दुकानातला मुलगा म्हणतो. हे वाक्य आपल्याकडे इतके सर्वत्र आहे की, ते पोस्टाच्या तिकिटावर छापायला हरकत नाही. आमच्या इमारतीच्या गच्चीवर दरवर्षी डांबर पडते आणि दरवर्षी ती गळते, कारण डांबराखालचं कोण बघतंय? रस्ता होतो, त्यावर रंगीत पट्टे येतात, पहिल्या पावसात पट्ट्यांसकट रस्ता नाल्यात जातो, कारण खडीखालचं कोण बघतंय? लग्नातल्या शालूला आतून अस्तर नसते, दिवाळी अंकाच्या मधल्या पानांवरचे मुद्रितशोधन झालेले नसते. आणि मी स्वतः गेली वीस-बावीस वर्षे ज्या व्हाउचरांवर दुसरी सही करतो, ती सही करताना पहिली सही बघतो का, हे कृपया मला विचारू नका.

वाघिणीच्या खाली असते तरी काय? ब्रेक असतो. बाजूला, जमिनीपासून कमरेइतक्या उंचीवर, एक लांब लोखंडी दांडा. तो खाली दाबला की खालची आडवी कांब फिरते, तिच्यावरच्या सळया गुटक्यांना ढकलतात आणि गुटके चाकांवर आवळतात. दांडा वर येऊ नये म्हणून तो एका खिळीत अडकवायचा. एवढेच यंत्र. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातही इंग्लंडात कोळशाच्या कितीतरी वाघिणींना याखेरीज दुसरा ब्रेक नव्हता. शेकडो टनांची गाडी आवरायची ती पुढच्या इंजिनाने आणि मागच्या गार्डाच्या डब्याने. मोठा उतार आला की गाडी उभी करायची, माणसाने कडेने चालत जाऊन एकेका वाघिणीचा दांडा दाबायचा, आणि उतार संपला की पुन्हा चालत जाऊन सगळे सोडवायचे. पावसात, बर्फात, रात्री, हातात कंदील घेऊन.

पूर्वी पुष्कळ वाघिणींना हा दांडा एकाच बाजूला असे. यार्डात वाघीण सुटून चालू लागली आणि माणूस नेमका दुसऱ्या बाजूला असला, तर त्याने दोन चालत्या वाघिणींच्या मधून किंवा खालून पलीकडे जायचे. किती जणांचे हातपाय आणि किती जणांचे जीव असे गेले असतील, याची कल्पना तुम्हीच करा. १९०० साली ब्रिटिश पार्लमेंटने रेल्वे कामगारांच्या अपघातांना आळा घालण्यासाठी कायदा केला, आणि त्याखाली १९११ साली झालेल्या नियमांनी ठरवले की, वाघिणीचा ब्रेक दोन्ही बाजूंनी लावता आला पाहिजे. तेव्हा वाघिणीच्या दुसऱ्या बाजूचा दांडा हा नुसता दांडा नाही. त्याच्यामागे माणसे आहेत. संचातल्या चित्रात तो मिलिमीटरभर जाडीची रेघ दिसतो, आणि शेजारचे गृहस्थ म्हणतात, खालचं कोण बघतंय!

इथपर्यंत मी जिंकत आलो आहे, असे वाचकांना वाटत असेल. मलाही वाटत होते.

माझी चोविसावी वाघीण ही माझी सर्वांत लाडकी. सोळा टनीच. तिच्यासाठी मी ब्रेकचे पितळी पत्र्याचे बारीक सुटे भाग वेगळे मागवले. घडी घालायला पात्याची धार, चिकटवायला सुईचे टोक. कोपऱ्यांना गंज चढवला. त्यासाठी शेंदरी आणि तपकिरी रंगाचा असा काही मेळ साधला की, मोलकरणीने ती उचलून भंगारात टाकली. याहून मोठे प्रशस्तिपत्र मला आजवर मिळालेले नाही. गेल्या महिन्यात ती पुरी झाली, आणि त्याच आठवड्यात भुसावळचे मामा डोळे तपासायला म्हणून आमच्याकडे आले. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होऊन नवे भिंग बसले होते. ऐंशी ओलांडलेली, पण हात स्थिर.

मी वाघीण त्यांच्यापुढे ठेवली. आजवर ज्यांनी ज्यांनी माझी वाघीण हातात घेतली त्यांनी आधी आतला कोळसा पाहिला, मग अक्षरे पाहिली, मग "छान आहे" म्हटले. मामांनी कोळशावर बोट ठेवले आणि वाघीण सरळ उलटी केली. चाके वर. पोट वर. खिडकीपाशी उजेडात नेली. माझे ऊर भरून आले. तेवीस वाघिणींनंतर, पहिल्यांदा, कुणीतरी खालचे बघत होते!

दोन मिनिटे मामा काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पेन्सिल दे."

मी दिली. त्यांनी पेन्सिल आडवी धरली. "ही खालची कांब. इकडून दांडा उजवीकडे जातो. मी या बाजूला उभा आहे, दांडा खाली दाबला. कांब कशी फिरली?"

"घड्याळाच्या काट्यासारखी."

"आता पलीकडे ये. तिकडूनही दांडा उजवीकडेच गेलाय. तिकडून दाब."

मी पलीकडे गेलो, पेन्सिलीचे दुसरे टोक धरले आणि दाबले. पेन्सिल उलटी फिरली.

"म्हणजे रे?" मामा म्हणाले. "या बाजूने दाबला तर ब्रेक लागतो. त्या बाजूने दाबला तर सुटतो. तिकडच्या बाजूला मध्ये एक कळ लागते, फिरणं उलटं करणारी. ती कुठाय?"

ती कळ कुठे होती, हे मला पक्के ठाऊक होते. ती आमच्या सतरंजीत होती. राईच्या दाण्याहून थोडी मोठी. रात्री साडेअकराला चिमट्यातून टुणकन उडाली. मी बॅटरी घेऊन गुडघ्यांवर अर्धा तास शोधली. सौभाग्यवती आतून म्हणाल्या, "झोपा आता." आणि मी उठलो, दिवा मालवला, आणि, हे छापायला मला लाज वाटते पण फरक नोंदवायचा असतो, मी स्वतःशीच म्हणालो, "जाऊ दे. खालचं कोण बघतंय?"

मामांना मी सांगितले की, मामा, ही शोभेची आहे. हिला ब्रेक लावायचाच नाही. ही माझ्या कपाटावरून साडेचार फुटांच्या फळीवर फिरणार आणि परत येणार.

मामांनी वाघीण सरळ करून टेबलावर ठेवली. हलक्या हाताने, खऱ्या वाघिणीला ठेवावी तशी. म्हणाले, "तू दांडा लावलास ना दोन्हीकडे? मग माणूस येणार आणि दाबणारच. दांडा नसता लावलास तर त्याला कळलं तरी असतं की इकडून ब्रेक नाही." मग चहा मागितला. थोड्या वेळाने, चहा बशीत ओतता ओतता, जणू काही विषय बदलल्यासारखे म्हणाले, "आमच्याकडे एक सांधेवाला होता. भला माणूस. ब्रेक लागला असं समजून पाठ फिरवली त्यानं." पुढचे त्यांनी सांगितले नाही, आणि मी विचारले नाही. चहा निवला तरी ते बशीकडेच पाहत होते.

मला तेव्हा जे समजले ते असे. मी इतके दिवस "खालचं कोण बघतंय" या वाक्याला चुकीचे उत्तर देत होतो. मी म्हणत होतो, मी बघतो, माझे समाधान, कलाकाराची निष्ठा वगैरे. ही सगळी वरच्या अंगाची भाषा. कुणी बघावे म्हणून खालचे नीट करायचे नसते. अंधारात, न बघता, नुसत्या भरवशावर कुणीतरी त्याला हात घालणार असते, म्हणून ते नीट करायचे. गच्चीखाली झोपणारा डांबराचे थर मोजत नाही. रस्त्यावरून जाणारा खडी उकरून बघत नाही. आणि माझी दुसरी सही पाहून पैसे देणारा कॅशिअर पहिली सही तपासत नाही, कारण ती मी तपासली आहे असे त्याला वाटते. बघणारा कुणी नसतो, म्हणूनच ते जोखमीचे असते.

दुसऱ्या दिवशी मामा भुसावळला गेले. जाताना दारात चपला घालत त्यांनी विचारले, "आणि त्या बाकीच्या तेवीस?"

बाकीच्या तेविसांतल्या सहा सोळा टनी आहेत. त्यांच्या सांगाड्यांत मी दोन्ही बाजू डोळे मिटून सारख्या चिकटवल्या आहेत, आणि तो द्रव कसा आहे हे वर सांगितलेच आहे. रविवारी सहाच्या सहा उलट्या करून पाते चालवायचे आहे. चोविसावीला मी नवी कळ पितळेच्या पत्र्यातून कापून, कानशीने घासून बसवली. सतरंजीतली अजून सापडलेली नाही. तीच वाघीण फ्रिजवर वाळते आहे. आणि परवापासून माझ्या टेबलावर व्हाउचरांची चळत थोडी साचू लागली आहे, कारण पहिली सही वाचायला वेळ लागतो.

हेडकॅशिअरनी काल त्याबद्दल तक्रार केली. कारण विचारले म्हणून मी त्यांना वाघिणीची सगळी हकीकत सांगितली. पेन्सिल फिरवून दाखवली. त्यांनी लक्षपूर्वक ऐकले, कांब कुठल्या दिशेला फिरते ते दोनदा विचारले, आणि शेवटी हसून माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "एवढ्यासाठी चांगली झालेली वाघीण फोडलीत? अहो, खालचं कोण बघतंय?"

मी म्हटले, "भुसावळचे मामा."